फर्ज कुणावर?

निवृत्तीच्या समारंभात नातेवाईकांना पहिल्या रांगेत बसवतात, हे मला ठाऊक नव्हते. 2024 साली माझी आपा लष्करी परिचर्या सेवेतून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाली, त्या दिवशी आम्ही सातजण पुण्याला गेलो होतो. मी, माझे यजमान, मुलगा, भाईजान, भाभी आणि त्यांच्या दोन मुली. भाभीने रात्रीच शिरखुर्म्याचा डबा भरून घेतला होता. ईद नव्हती, पण खुशीच्या प्रसंगी रिकाम्या हाताने जाऊ नये, हा आमच्या अम्मीचा दंडक.

सभागृह साधेच होते. पांढऱ्या चादरी घातलेली टेबले, एका बाजूला चहाची भांडी, समोर छोटे व्यासपीठ. भाषणे झाली. सन्मानचिन्ह झाले. रुग्णालयाच्या प्रमुख अधिकाऱ्यांनी आपाच्या छत्तीस वर्षांचा हिशेब मांडला: कुठे कुठे बदल्या झाल्या, किती तुकड्यांना तिने शिकवले. मग ते आमच्याकडे वळून म्हणाले की, परिवाराच्या त्यागाशिवाय हे शक्य झाले नसते. टाळ्या वाजल्या. परिवारातर्फे पुष्पगुच्छ घ्यायला कुणीतरी पुढे यायचे होते. भाईजानने माझ्याकडे पाहिले आणि मी गेले.

त्यानंतर चहा. आपाबरोबर पूर्वी काम केलेल्या एक निवृत्त परिचारिका माझ्या शेजारी येऊन बसल्या. केरळच्या, वयाने आपापेक्षा मोठ्या, हिंदी अजून मल्याळी वळणाची. कौतुकाने त्यांनी मला आपाच्या गोष्टी सांगितल्या. त्यातली एक अशी: 1999 मध्ये कारगिलच्या दिवसांत तुमच्या आईंच्या आजाराची तार आली. आम्ही सगळ्यांनी तिला जा म्हणून सांगितले. साहेबांनी रजेच्या कागदावर सही केली. आणि तुमची बहीण तो कागद परत देऊन आली. असे माणूस मी दुसरे पाहिले नाही.

मी हसून मान डोलावली. पुष्पगुच्छ माझ्या मांडीवर होता.

आमच्या घरात पंचवीस वर्षे एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती. अम्मी गेली तेव्हा आपाला रजा मिळाली नाही. लढाई चालू होती, लष्कराचा मामला, कोण काय करणार? मिळाली नाही आणि घेतली नाही या दोन क्रियापदांमधल्या अंतराविषयी मला लिहायचे आहे.

अम्मीला 18 मे 1999 ला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे गेले. 6 जुलैला ती अल्लाला प्यारी झाली. म्हणजे 49 दिवस. शाळेला सुट्टी होती तोवर मी दिवसभर माहेरीच असे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहाटे जायचे, अम्मीला पुसून, कपडे बदलून, पेज भरवून शाळा गाठायची, संध्याकाळी पुन्हा. माझा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. मला परिचर्येतले काही कळत नव्हते. पहिल्याच आठवड्यात माकडहाडापाशी कातडी लाल झाली, मी तिथे तेल लावून चोळत बसले आणि जखम वाढवली.

तेवढ्यात आपाचे लष्करी टपालातले पत्र आले. पत्रात मायना नाही, खुशाली नाही. चार पाने सूचना. दर दोन तासांनी कूस बदला. टाचा गादीला टेकू देऊ नका, पोटरीखाली उशी घाला. लाल डाग दिसला तर चोळू नका, त्या जागेवरचा भार काढा. पाणी चमच्याने, डोके उंच करून, ठसका लागला तर लगेच थांबा. समजावे म्हणून तिने बॉलपेनने आकृत्याही काढल्या होत्या: एक बाईमाणूस कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी. जखम भरून आली नाही, पण पुढे वाढली नाही. ते पत्र आजही माझ्याकडे आहे. आमच्या मोहल्ल्यात कुणी अंथरुणाला खिळले की माझ्याकडे निरोप येतो आणि मी ती चार पाने घेऊन जाते. पंचवीस वर्षांत त्याच्या घड्या फाटल्या, आता त्याची झेरॉक्स वापरते.

आपा पाचव्या दिवशी आली. झेलम एक्स्प्रेसने पुणे, तिथून एसटीने आमचे गाव. तोपर्यंत तिसऱ्या दिवसाची जियारत होऊन गेली होती. तिने अम्मीच्या खाटेवरची गादी उलटून पाहिली, माझे हात हातात घेतले आणि म्हणाली, अच्छा किया तूने. चौथ्या दिवशी ती परत गेली.

आता विचार करते तेव्हा वाटते, हा प्रश्न काही नवा नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र यांनी 1945 साली पॅरिसमध्ये दिलेल्या एका प्रसिद्ध व्याख्यानात आपल्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगितली आहे. भाऊ लढाईत मारला गेलेला, आई एकटी, मुलावरच जगणारी. मुलाने इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रेंच सैन्यात भरती व्हावे की आईजवळ राहावे? सार्त्र यांचे उत्तर असे की, कोणताही ग्रंथ तुला सांगू शकत नाही. तू मोकळा आहेस, तूच निवड. उत्तर बाणेदार आहे, पण मला त्यात काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. त्या मुलाच्या निवडीची किंमत त्याच्या आईने द्यायची होती. तिला कुणी विचारले असेल का?

आपल्या परंपरेत या प्रश्नाची दोन्ही टोके आहेत आणि दोन्हींना मान आहे. एका टोकाला हजरत रुफैदा. खंदकाच्या लढाईत हजरत साद बिन मुआज जखमी झाले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना रुफैदांच्या तंबूत ठेवायला सांगितले. हा तंबू मशिदीतच उभारलेला होता. मशिदीच्या आवारात एका स्त्रीचा दवाखाना, तिच्या हाताखाली परपुरुषांच्या जखमा, आणि कुणाचा आक्षेप नाही. उम्मे अतिय्या सात मोहिमांवर गेल्या, जखमींची सेवा केली, असे हदीसमध्ये येते. दुसऱ्या टोकाला हजरत उवैस करनी. येमेनमध्ये राहणारे, प्रेषितांच्याच काळातले. आईच्या सेवेत अडकले म्हणून मदीनेला येऊ शकले नाहीत आणि सहाबी होण्याचे भाग्य हुकले. तरी प्रेषितांनी हजरत उमर यांना सांगून ठेवले होते की, हा माणूस भेटला तर त्याच्याकडून स्वतःसाठी दुआ करवून घे. आणि ती हकीकतही आपण वाझमध्ये ऐकतो: एकजण जिहादला जाण्याची परवानगी मागायला आला, त्याला विचारले गेले की आईवडील हयात आहेत का, आणि हो म्हटल्यावर त्याला त्यांच्याकडेच पाठवले गेले, तुझी झुंज तिथे आहे म्हणून.

मी पुण्याहून परतताना गाडीत हीच शेवटची हकीकत मनात घोळवत होते. खरे सांगायचे तर आपाविरुद्ध पुरावा गोळा करत होते. प्रेषितांनी घरी पाठवले असते, आणि तू सही झालेला कागद परत दिलास.

पण मग लक्षात आले की, उवैस करनी हे पुरुष होते. तो परवानगी मागणाराही पुरुष होता. आईच्या उशाशी बसण्याचे जे उदाहरण परंपरा आपल्यापुढे ठेवते ते मुलाचे आहे आणि रणांगणावर जखमा बांधण्याचे उदाहरण बाईचे. आपल्या घरांत मात्र हे नेमके उलटे वाचले जाते. भाईजान त्या 49 दिवसांत त्याच घरात होता. गॅरेज सांभाळत होता, डॉक्टर आणत होता, औषधांचे पैसे देत होता आणि रात्री जेवून झोपत होता. त्याने एकदाही अम्मीची कूस बदलली नाही. त्याला कुणी विचारले नाही, मीही नाही. पंचवीस वर्षांत माझ्या मनात त्याच्याविषयी राग कधी आला नाही. दीड हजार किलोमीटरवर असलेल्या आपाविषयी मात्र आला, कारण ती मुलगी होती आणि वर नर्स होती.

आणि भाभी? अम्मीची सकाळ-संध्याकाळ माझी, पण रात्रीच्या सगळ्या कुशी भाभीने बदलल्या. तिची तर ती आईसुद्धा नव्हती. हे लिहायला बसेपर्यंत मीही हिशेब मांडताना तिला धरले नव्हते. घरातल्या खिदमतीला ना सन्मानचिन्ह ना टाळ्या, अशी तक्रार मी करणार होते. ती तक्रार करण्याचा पहिला हक्क माझा नाही.

फिकहमध्ये फर्जचे दोन प्रकार सांगतात. फर्ज-ए-ऐन म्हणजे ज्याचे त्याने करायचे, नमाज-रोजासारखे. फर्ज-ए-किफाया म्हणजे काहींनी केले की सगळ्यांवरून उतरते, कुणीच केले नाही तर सगळे गुन्हेगार. जनाज्याची नमाज हे नेहमीचे उदाहरण. इमाम गझाली यांनी वैद्यकही किफायात धरले आहे आणि वर एक टोमणा मारला आहे की, गावोगावी फिकहवर वाद घालणारे मुबलक, पण मुसलमानांत वैद्य सापडत नाही. नऊशे वर्षे झाली या टोमण्याला. आमच्या गावात बायकांना बाळंतपणाला बाईच हवी, इंजेक्शन द्यायलाही बाईच हवी. पण 1984 साली बारावीनंतर आपा लष्करी नर्सिंगच्या प्रशिक्षणाला निघाली तेव्हा याच लोकांनी अब्बांना येऊन सांगितले की, मुलीला नर्स करू नका, गैरमर्दांना हात लावावा लागतो. दुसऱ्यांच्या मुली आमच्या बायकांसाठी नर्स झालेल्या चालतात! अब्बा एसटीत मेकॅनिक होते, फार बोलत नसत. त्यांनी चहा पाजून सगळ्यांना वाटेला लावले.

किफायाची ही व्याख्या ऐकायला सोपी आहे, पण तिच्यात एक प्रश्न दडला आहे. काहींनी केले म्हणून बाकीच्यांवरून उतरते, मान्य. त्या काहींवर जे चढते त्याचे काय? अम्मीची सेवा शरियतच्या दृष्टीने आम्हा तिन्ही भावंडांवर स्वतंत्रपणे होती. आम्ही ती घरातल्या घरात किफाया करून टाकली: दोघींनी केली, सगळे सुटले. आणि देशाच्या जखमी जवानांची सेवा सगळ्या समाजावर किफाया, ती आपाने एकटीने ऐन करून घेतली.

तिच्या नोकरीच्या कागदांत एक अट होती, ज्याची आम्हाला तेव्हा नीट कल्पना नव्हती. 1888 साली दहा इंग्रज परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या, तिथून या सेवेची सुरुवात मोजतात. 1 ऑक्टोबर 1926 ला ती लष्कराचा कायम भाग झाली, 1943 च्या अध्यादेशाने तिला आजचे रूप आले. ही सेवा बायकांची, पण 1977 च्या एका लष्करी सूचनेप्रमाणे बाईने लग्न केले तर नोकरीतून मुक्त करता येई. ही सूचना 1995 मध्ये मागे घेतली गेली. लेफ्टनंट सेलिना जॉन यांना 1988 साली याच कारणावरून काढले होते. त्या लढल्या, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट मनमानी ठरवून त्यांना 60 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. आपा 1988 मध्येच लेफ्टनंट झाली. 1991 साली तिला एक चांगले स्थळ आले होते, मुलगा शिक्षक, घरचे राजी. तिने नाही म्हटले. अम्मी चार दिवस जेवली नाही. अट उठली तेव्हा आपा तिशीकडे झुकली होती आणि स्थळे येणे थांबले होते. न्यायालयाचा निकाल वाचून मी तिला फोन केला तर म्हणाली, चांगले झाले, आता पोरींना त्रास नाही. स्वतःबद्दल एक शब्द नाही.

म्हणजे त्याग हा शब्द व्यासपीठावरून उच्चारणे सोपे असते, पण तो वापरण्याआधी पाहावे लागते की दिले कुणी आणि घेतले कुणी. जे मागून घेतले जाते, किंवा न विचारता घेतले जाते, त्याला त्याग म्हणावे का? परिवाराच्या त्यागाबद्दल माझ्या हातात पुष्पगुच्छ दिला गेला. मी काहीच दिले नव्हते, माझ्याकडून ते गेले होते. अम्मीचे तर त्याहून जास्त गेले. तिची वाचा बंद होती, पण दारात पाऊल वाजले की तिची नजर फिरायची. आपाने दिले असेल, मान्य. पण तिने जे दिले त्यात अम्मीचाही वाटा होता, आणि तो देण्याचा अधिकार आपाला होता का, हा माझा सवाल आहे.

दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर मी पुन्हा पुरावाच गोळा करतेय असे होईल. नेपोलियनच्या सैन्यातले शल्यविशारद लारे यांनी घालून दिलेला एक नियम जगभर मानला जातो: जखमींचा क्रम जखमेच्या गांभीर्यावर, हुद्द्यावर नाही. 1949 च्या पहिल्या जिनिव्हा करारात तो आणखी स्पष्ट आहे. शत्रूचा जखमी सैनिकही आपल्या सैनिकाइतकाच रुग्ण, आधी कुणाला पाहायचे हे फक्त वैद्यकीय निकडीवर ठरवायचे. जखमेला नाते नसते, हे नर्सला पहिल्या वर्षीच शिकवतात. कारगिलमध्ये सव्वापाचशेहून अधिक जवान गेले, तेराशेहून अधिक जखमी झाले. ज्या वॉर्डात चाळीस खाटा भरलेल्या आणि हात अपुरे, तिथे एका नर्सने जाणे म्हणजे किती कुशी न बदलल्या जाणे, हे आपाला नेमके माहीत होते. आणि अम्मीजवळ दोन बायका आहेत, हेही माहीत होते. या तराजूत पाहिले तर तिचे चुकले असे म्हणता येत नाही.

पण अम्मी ही रुग्ण होती तेवढीच नव्हती. तिला जे हवे होते ते दर दोन तासांनी कूस बदलणारे कुणीही नव्हते, तिला तिची थोरली मुलगी हवी होती. त्या जागी बदली माणूस चालत नाही. वॉर्डात आपाच्या जागी दुसरी नर्स कदाचित कमी पडली असती, पण जमली असती. इथे नात्याखेरीज दुसरे काहीच नव्हते, आणि नात्याला निकडीचा नियम लागू होत नाही. त्या तराजूत पाहिले तर तिचे चुकलेच. दोन्ही तराजू खरे आहेत. एका तराजूतले माप दुसऱ्यात घालून बघण्याची काही सोय मला सापडलेली नाही.

थोडे विषयांतर करते. निवृत्तीनंतर आमच्या तालुक्यातल्या एका पुढाऱ्यांनी आपाचा जाहीर सत्कार ठरवला. पत्रिकेच्या मसुद्यात तिच्या नावाआधी 'राष्ट्रभक्त मुस्लिम महिला' असे छापले होते. आपाने नम्रपणे नकार कळवला. आपल्यापैकी अनेकांना हे ओळखीचे वाटेल. 1965 चे हवालदार अब्दुल हमीद, कारगिलचे कॅप्टन हनीफउद्दीन, ही नावे आदराने घेण्याऐवजी आपण ती पुरावा म्हणून खिशात बाळगतो. कुणी संशय घेतला की काढून दाखवायला. आपा म्हणाली, मी चाळीस खाटा सांभाळल्या, दाखला मिळवायला नाही गेले. मला ते पटले. आणि मग थोडी लाजही वाटली. मीही तिच्याकडून दाखलाच मागत होते, फक्त वेगळा: चांगली मुलगी असल्याचा.

ती आता आमच्याच गावात, अम्मीच्या घरात राहते. निवृत्तिवेतनाचे कागद झाले, सामानाच्या ट्रंका अजून पुरत्या उघडलेल्या नाहीत. एका संध्याकाळी ती चुलीपाशी भाकरी थापत होती, मी लसूण सोलत होते. मी विचारले, रजेचा कागद आला होता?

तिने मान वर केली नाही. म्हणाली, आला होता.

बराच वेळ भाकरी उलटण्याचा आवाज. मग म्हणाली, "अम्मीकू तू थी. उन छोकरोंकू कोन था?"

मी म्हणाले, "और मेरेकू?"

तिने तव्यावरची भाकरी काढली, माझ्या ताटात ठेवली. तोवर वरच्या बाजूने ती करपली होती. भाभी बाहेरून आली, तिने ती उचलून स्वतःच्या ताटात घेतली आणि मला दुसरी वाढायला सांगितली. आपा म्हणाली, "नक्को भाभी, वो मेरी है."